आतून कडी

माझ्या कपडे बेतायच्या कात्रीला घरात कुणी हात लावायचा नाही, हा नियम मी लग्न झाल्या झाल्याच केला. त्याला कारण माझा नवरा. त्याने त्या कात्रीने कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी कापली होती, आणि वर मलाच विचारत होता, "एवढं काय झालं? कापायचीच वस्तू ना ती?" मी शिवणकाम करते. आटगाव स्टेशनपासून आत आमचं गाव, तिथल्या कितीतरी बायकांचे ब्लाउज माझ्या मशीनखालून गेलेत. पातळ कापडाला कुठली सुई, जाड कापडाला कुठली, हे मला डोळे मिटून कळतं. नवऱ्याला मात्र जगात एकच हत्यार माहीत, ते म्हणजे कोयता.

आमच्याकडे बाप्ये कमरेला लाकडाची आकडी बांधतात आणि तिच्यात कोयता अडकवून हिंडतात. नवरा वाशिंदला कारखान्यात जातो. तिथून आला की चहाच्या आधी कोयता कमरेला लावतो, तेव्हा कुठे त्याला घरी आल्यासारखं वाटतं. लाकडं फोडा, कुंपणाच्या काठ्या तासा, माझं काही म्हणणं नाही. पण हा माणूस कोयत्याच्या टोकाने रंगाचे डबे उघडतो, धारेने वायर सोलतो आणि पाठीने खिळे ठोकतो. खिळेच नव्हे, स्क्रूसुद्धा ठोकतो. "अहो, स्क्रू फिरवायचा असतो," असं मी म्हटलं की म्हणतो, "आत गेला ना? मग झालं तर." माझं माहेर मुरबाडकडचं. तिथेही बाप्ये कमरेला कोयता लावतात, पण स्क्रू ठोकताना मी कुणाला बघितलं नव्हतं.

ही सगळी भांडणं सासूबाई ओट्यावर बसून ऐकायच्या आणि मजा घ्यायच्या. माझी सासू म्हणजे खमकी बाई. आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, सगळ्यांच्या पुढे. तिचं भाताचं खाचर असं सपाट असायचं की पाणी या बांधाला घोट्याला लागलं तर त्या बांधालाही घोट्यालाच लागणार. चिखलावर फळी फिरवताना कुठे उंचवटा राहिला तर ती बांधावरून ओरडायची, "तिकडं काय डोंगर ठेवलास रे?" नवऱ्याचा हात तिनेच घडवला. आजही गावात कुणाला खाचर सपाट करून हवं असलं की त्याला बोलावतात.

आमचा संडास परसात, घरापासून लांब. मधे दगडांची वाट. एका पहाटे दव पडलेलं असताना त्या दगडांवरून सासूबाईंचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. कल्याणला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी निघताना बजावलं, की आता दगडांवरून चालणं बंद. कमोड पाहिजे, धरायला भिंतीला दांडी पाहिजे आणि जमीन कोरडी पाहिजे. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. नणंद वाशिंदला राहते, तिच्या फ्लॅटमध्ये सगळं होतं. म्हणून ती आईला तिकडेच घेऊन गेली.

घर मला खायला उठलं. सून असून सांगते, मला तिच्याशिवाय करमेना. माझ्या भाकरीला नावं ठेवायला कुणी नाही, ओट्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी घ्यायला कुणी नाही. मशीन चालवता चालवता मी तोंडाने बडबड करते, आणि पलीकडून "काय गो, कोणाशी बोलतस?" असं कुणी विचारत नाही म्हटल्यावर माझी मीच गप्प व्हायला लागले. नवराही कामावरून येऊन नुसता बसून राहायचा. एकदा मीच म्हटलं, "मागच्या पडवीत बाथरूम बांधू. घरातल्या घरात. पावसाच्या आधी आईला आणू."

तो लगेच उठला. एवढं पटकन त्याने माझं कधी ऐकलेलं मला आठवत नाही.

गवंड्याने भिंती उभ्या केल्या, पाइप टाकले, कमोड बसवला आणि लगीनसराईत दुसरीकडे निघून गेला तो परत फिरकलाच नाही. राहिली होती लादी, दांडी आणि दार. नवरा म्हणाला, "लादी काय, मी बसवतो." मी म्हटलं, "कशाने? कोयत्याने?" तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

दांडी किती उंचीवर लावायची हे विचारायला मी वाशिंदला गेले. नणंदेच्या बाथरूममधली दांडी तिच्या नवऱ्याच्या मापाने लावलेली, आणि तो चांगला उंच. सासूबाईंना हात वर करून ती धरावी लागे, बसमध्ये दांडा धरतात तशी. मी पिशवीतून माझी मापाची टेप काढली आणि त्यांना खोलीत भिंतीशी उभं केलं.

"सरळ उभ्या राहा. हात खाली सोडा."

"ब्लाउज शिवतस का काय गो?"

"ब्लाउज नाही. तुमच्या हाताला बसेल अशी दांडी लावायचीय."

इतकी वर्षं त्यांचे ब्लाउज शिवलेत. खांदा, छाती, दंड, सगळं मला पाठ. पण मनगटापासून जमिनीपर्यंतचं माप मी कधी घेतलं नव्हतं. टेप खाली सोडली तर ती माझ्या अंदाजाच्या आधीच जमिनीला टेकली. एवढीशी झाली होती माझी सासू.  मी वाकूनच राहिले, तोंड दिसू नये म्हणून.

नणंद चहा टाकायला आत गेली, तशी सासूबाईंनी टेपचं टोक धरून ठेवलं.

"एक करशील?"

"बोला ना."

"तिथं दाराला आतून कडी लाव." मग हळू आवाजात म्हणाल्या, "इथं ही दार नुसता लोटून बाहेर उभी राहते. झालं का आई, झालं का आई. पोर गुणाची हाय, माज्या भल्यासाठीच करते. पण माजा जीव कसा होतो, कोणाला सांगू? जन्मात कधी कोणासमोर बसली नाय मी. कडी नसंल तर मला नेऊ नको. मी इथंच पडून राहीन."

आणि त्या रडल्या. सासरे गेले तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. मी पटकन म्हणाले, "लावते. माझ्या हाताने लावते." मग चहा आला आणि आम्ही दोघी काही झालंच नाही अशा बसलो.

परत आले तर नवऱ्याने लादी बसवून टाकली होती. खरखरीत लाद्या आणल्या होत्या, पाय घसरू नये म्हणून, तेवढी अक्कल मी मनातल्या मनात मान्य केली. सिमेंट सुकू दिलं आणि एका रविवारी त्याने मला बोलावलं. बादलीभर पाणी ओतलं. पाणी पसरलं आणि तिथेच थांबलं. कोपऱ्यातल्या, पाणी जायच्या जाळीकडे ते वळेचना. नवरा उकिडवा बसून एक डोळा मिटून बघत होता, आणि त्याच्या तोंडावर काय तो आनंद!

"बघ," तो म्हणाला. "कुठं चढ नाय, उतार नाय. सगळीकडं सारखं."

मी म्हटलं, "छान. आता रोपं आणा. मी लावून टाकते."

"म्हणजे?"

"अहो, हे बाथरूम आहे! खाचर नाही! पाणी साचलं तर आई आत पाय कसा ठेवणार? पुन्हा पडायचंय का तिला?"

आता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याने पाण्याकडे बघितलं, जाळीकडे बघितलं आणि तोंड एवढंसं केलं. जन्मभर पाणी अडवायचं शिकलेला माणूस. फळी हातात आली की त्याचा हात आपोआप सपाटच करणार. मी खूप बोलणार होते. तोंडाचा पट्टा सोडायच्या तयारीतच होते. पण त्याचा चेहरा बघून मला हसू आलं, मग त्यालाही आलं, आणि आम्ही दोघं त्या साचलेल्या पाण्यात पाय बुडवून खदाखदा हसलो.

हसून झाल्यावर मी म्हटलं, "आता माझ्या पद्धतीने." शहापूरच्या बाजारात जाऊन लेव्हलची पट्टी, जाड सुतळी, छन्नी आणि रबरी हातोडा घेऊन आले. दुकानदाराने विचारलं, "मिस्त्री कोण आहे?" मी म्हटलं, "मीच." त्याने दोनदा माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप सामान बांधून दिलं.

लाद्या उखडताना नवऱ्याचा हात सवयीने कमरेला गेला. मी छन्नी पुढे केली. त्याने कोयता काढून खिडकीत ठेवला, पण दर थोड्या वेळाने तिकडे बघायचा. खरी पंचाईत पुढे झाली. लेव्हलच्या पट्टीत बुडबुडा असतो, तो मधोमध आला की जमीन सपाट. आम्हाला तो एका बाजूला हवा होता, दारापासून जाळीपर्यंत ढाळ पडायला हवा होता. पण नवरा लादी ठोकता ठोकता बुडबुडा बरोब्बर मधे आणून ठेवायचा. मी ओरडायचे, तो लादी काढायचा, परत बसवायचा, परत बुडबुडा मधे. नाकी नऊ आले माझ्या.

"वाकडं बसवायला हात तयार होत नाय," तो म्हणाला.

"अहो, इथे पाणी धरायचं नाही, सोडायचंय."

तो थापी हातात घेऊन बसून राहिला. मग म्हणाला, "कापणीच्या आधी बांध फोडून खाचर सुकवतो, तसं?"

"हां! तसंच!"

एवढं म्हटल्याबरोबर गडी कामाला लागला. जाळीचा कोपरा म्हणजे फोडलेला बांध, असं त्याने धरलं. दारापासून तिथवर सुतळी ताणली, दर लादीवर पट्टी ठेवली, आणि बुडबुडा आता मुकाट्याने एका बाजूला राहायला लागला. सुकल्यावर पुन्हा पाणी ओतलं. ते सगळीकडून वळलं आणि गडगड करत जाळीत गेलं. आम्ही परत ओतलं. परत गेलं. शेवटी मीच म्हटलं, "पुरे आता, टाकी रिकामी होईल."

दांडी मी घेतलेल्या मापाने लागली. मग निघाला कडीचा विषय. जुना गोठा मोडला तेव्हाचं सागवानी दार माळ्यावर होतं, ते नवऱ्याने बसवलं, पण आतून कडी लावायला तयार होईना. फोनवर नणंद तर माझ्यावर तुटून पडली.

"वहिनी, डोकं फिरलंय का तुझं? आई आत पडली आणि कडी लावलेली असली तर? दार फोडत बसायचं?"

"ती बरोबर बोलते," नवरा म्हणाला.

बरोबरच बोलत होती. मला काय कळत नव्हतं? भीती मलाही होती. आत काहीतरी आपटल्याचा आवाज आणि बाहेर आम्ही नुसते दारावर हात मारतोय, हे चित्र भाकऱ्या थापतानासुद्धा डोळ्यांसमोर यायचं. पण वाशिंदला टेपचं टोक धरून उभी असलेली ती बाईही डोळ्यांसमोर यायची. मी दोघांनाही सांगितलं, "ती म्हणालीय, कडी नसेल तर येणार नाही. मग दांडी कोणासाठी लावली? लादी कोणासाठी उखडली? आपल्या हौसेसाठी?"  फोनवर नणंदेने नाक ओढल्याचा आवाज आला. "मला कधी बोलली नाही ती," एवढंच म्हणाली.

कडी मी स्वतः बसवली. शेजाऱ्यांची ड्रिल मशीन आणली, बारीक बिट लावलं, सागाला आधी भोकं पाडली. स्क्रूला साबण चोळला आणि पेचकसने एकेक स्क्रू फिरवत आत घातला. नवरा बाजूला उभा राहून बघत होता. "ठोकला असतास तर एव्हाना झालं असतं," म्हणाला. मी वळून बघितलं तसा लाद्या पुसायला लागला. नंतर कडी गंजू नये म्हणून त्याने तिला ऑइलपेंट मारला, आणि तोही असा जाड मारला की कडी सरकवताना कर्र करायला लागली.

मग त्याला एक गोष्ट सुचली. जुनं दार चौकटीला जरा अपुरं, त्यामुळे बाजूला फट राहिली होती. त्याने मला आत पाठवून कडी लावायला सांगितली. बाहेरून फटीत कोयत्याचं टोक घातलं आणि हळूहळू कडी मागे सरकवली. दार उघडलं. माझ्यासमोर नवरा उभा, हातात कोयता, तोंडभर हसू. इतक्या वर्षांत त्या कोयत्याला पहिल्यांदा घरातलं बरोबर काम मिळालं होतं, हे मला कबूल करावं लागलं. त्याने दाराबाहेर खिळा मारून कोयता तिथे टांगला. आईला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

पावसाच्या आधी नणंद तिला घेऊन आली. सासूबाई वॉकर टेकत टेकत ओटा चढल्या, क्षणभर दम खाल्ला आणि थेट मागच्या पडवीत गेल्या. दांडीवर हात ठेवला. तळवा अलगद बसला. खाली बघून म्हणाल्या, "लादी कोणी बसवली?"

"मी," नवरा म्हणाला.

"पहिल्यांदा सपाट केली असशील."

आम्ही हसायला लागलो. त्यांनाही हसू फुटलं. आमचं हसू थांबलं नव्हतं तेवढ्यात त्यांची नजर दाराबाहेरच्या खिळ्यावर गेली. त्यांनी कोयता बघितला, दाराची फट बघितली, कडी बघितली. 

"काढ तो," त्या मुलाला म्हणाल्या. "कोयत्याची जागा कमरेला. घरात कोण चोर शिरलाय काय?"

नवऱ्याने कोयता काढला. त्या आत गेल्या. दार लागलं. आणि कर्र करून कडी बसली.

आम्ही तिघं बाहेर उभे. नणंदेने पदर तोंडाशी धरलेला. नवरा जमिनीकडे बघत होता. आतून काहीच आवाज येईना.  मग पाणी ओतल्याचा आवाज आला, जाळीत गडगडला, आणि त्याच्यामागून सासूबाईंचा आवाज, अगदी बांधावरून यायचा तसा.

"बाहेर कोण उभा हाय? कामं नायत का तुमाला?"

आम्ही पळालो. मागे पुन्हा कर्र झालं आणि त्या बाहेर आल्या. किती महिन्यांनी त्यांची मान अशी ताठ दिसली. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून मला म्हणाल्या, "कडी करकरते गो. तुज्या मशीनचं तेल घाल जरा."

"घालते," मी म्हटलं.

आता माझ्या मशीनच्या खणात तेलाची बाटली असते, बारीक तोटीची. एक थेंब टाकला की करकर थांबेल. असल्या कामाला याच्याहून योग्य वस्तू नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण सकाळी मी मशीनवर बसलेली असते आणि मागून कर्र ऐकू येतं. सासूबाई आत गेल्या. माझा पाय पायडलवर थांबतो. मी सुईकडे बघत बसते. मग दुसऱ्यांदा कर्र येतं, त्या बाहेर आल्या, आणि माझा पाय पुन्हा चालायला लागतो.

"तेल घातलंस का?" त्या विचारायच्या.

"संपलंय, आई. शहापूरला गेले की आणते."

शहापूरला माझ्या किती फेऱ्या झाल्या, त्यांना काय कळत नव्हतं? तरी विचारायच्या, आणि मी तेच उत्तर द्यायचे. परवा त्यांना गोधडीला टाका घालायला सुई हवी होती. मी पीठ मळत होते, म्हणून त्यांनी माझा खण स्वतःच उघडला. बाटली समोरच होती, गळ्यापर्यंत भरलेली. मी पिठाच्या हाताने तशीच थांबले. त्यांनी बाटली उचलली, उजेडात धरून बघितली, परत जागच्या जागी ठेवली. सुई घेतली आणि खण लावून टाकला.

तेलाचं त्यांनी त्यानंतर विचारलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी कडी लावताना ती जरा जोरातच ओढली, अगदी माझ्या मशीनपर्यंत ऐकू येईल अशी.